न फाटलेलं सील

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे मी जे काही केलं त्याचं कोणाला फार नवल वाटायला नको.

आमचा धंदा बुटांचा. पण काचेच्या कपाटात मांडून ठेवायच्या बुटांचा नव्हे. ज्यांच्या पायाला दुकानातला कुठलाच बूट होत नाही, ती माणसं आमच्याकडे येतात. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाची टाच शस्त्रक्रियेनंतर अर्धीच उरलेली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं हेच काम केलं आणि त्यातली शेवटची वीस मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून काढली. येईल त्याला मी ऐकवायचे, "अहो, पायावर बूट बसवायचा असतो, बुटात पाय कोंबायचा नसतो. तयार माल घेऊन आणि पाय सोलून घेऊन आमच्याकडे येता कशाला?"

आणि एवढं ज्ञान पाजळणाऱ्या बाईने कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली तेव्हा काय केलं? तयार घेतला.

माझे धाकटे दीर कॉम्प्युटर जोडून देण्याचंच काम करतात. ते म्हणाले होते, "वहिनी, सुटे भाग आणतो आणि तुमच्या कामाला लागेल तसा जोडून देतो. उद्या काही बिघडलं तर तेवढाच भाग बदलायचा."

"नको," मी म्हणाले. "तुमचा एक भाग एका दुकानातला, दुसरा तिसऱ्याच गल्लीतला. बिघडला की मी कोणाच्या दारात जाऊन उभी राहू? मला एकच दार पाहिजे."

दुकानातल्या विक्रेत्याने ते एकच दार मला दाखवलं. चकचकीत काळं खोकं, दोन वर्षांची वॉरंटी, सगळं आधीच भरलेलं, घरी नेऊन प्लग लावायचा की झालं. "मॅडम, डोक्याला ताप नाही," असं तो तीनदा म्हणाला आणि मी भुलले. खोकं घरी आल्यावर भाऊजींनी एवढंच विचारलं, "आत काय घातलंय ते विचारलंत का?" मी विचारलं नव्हतं. एखाद्या गिऱ्हाइकाने तळवा उलटून न बघता बूट उचलला तर मी त्याला वेड्यात काढते.

कॉम्प्युटर हवा होता तो आप्पांमुळे. दुकानामागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या आणि त्यांच्यावर फर्मे. फर्मा म्हणजे पायाचा प्लास्टरमधला ठोकळा, ज्याच्यावर बूट चढवून शिवतात. आमच्याकडे चारशेच्या वर होते. प्रत्येकाच्या तळाला शिसपेन्सिलीने एक आकडा, बाकी सगळा हिशेब आप्पांच्या डोक्यात. कुठे सैल सोडायचं, कुठे दाबायचं, कोण कसं चालतं. आणि त्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली होती. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग चेहरे. पण फर्मा हातात दिला की अंगठा त्याच्यावरून फिरायचा आणि आप्पा बोलायला लागायचे.

म्हणून आम्ही दोन हिवाळे बसलो. एकेक फर्मा स्कॅनरच्या पाटावर ठेवायचा, पडद्यावर पाय उभा राहायचा, आप्पा अंगठा फिरवत सांगायचे आणि मी त्या पायाखाली त्यांचे शब्द जसेच्या तसे टाइप करायचे. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी फर्मा हातात देऊनही काही आठवेनासं झालं. पण तोवर आमचे सगळे पाय संपले होते. मी म्हटलं, जिंकलो.

मग मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घोडचूक केली. टेम्पो बोलावला आणि फर्मे फेकून दिले. प्लास्टरला बुरशी धरली होती, खोली पाहिजे होती, ही सगळी कारणं खरी आहेत. आप्पा दारात उभे राहून टेम्पोकडे बघत होते. "एवढे पाय कुठे चालले?" त्यांनी विचारलं. मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हटलं, "सगळे इथे आहेत, आप्पा."

चारच महिन्यांत ते खोकं आपणहून बंद पडायला लागलं. आधी दिवसातून एकदा, मग तासातून एकदा. भाऊजी फोनवर म्हणाले, "पहिल्यांदा सगळ्या फाइलींची दुसरीकडे नक्कल काढा." मी त्यांना उडवून लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण होती आणि विकताना तो विक्रेता म्हणाला होता की नकला कंपनीच्या ढगात, म्हणजे क्लाउडवर, आपोआप जमा होतात. तेव्हा कशाला जिवाला घोर लावून घ्यायचा?

कंपनीला मात्र फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा करत शेवटी एका माणसाचा आवाज आला.

"मॅडम, बंद करून पुन्हा चालू करून बघितलंत का?"

"बंद ते आपलं आपणच होतंय," मी म्हणाले. "अर्धं काम तुमचं मशीनच करतंय."

तो हसला नाही. त्याने मला पाच आकडी तक्रार क्रमांक दिला आणि दुसऱ्याच दिवशी खोकं जे बंद पडलं ते पुन्हा उठलं नाही. भाऊजी आले, त्यांनी त्यांच्या लॅपटॉपवरून माझं कंपनीचं खातं उघडलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. नक्कल ठेवायची सोय फक्त पहिला महिना फुकट होती. त्यानंतर ती आपोआप बंद झाली होती, हिरवी खूण तेवढी तशीच राहिली होती. तशी सूचना पडद्यावर येत होती म्हणे. येत असेल. त्या खोक्यात विकतानाच इतके फुकटचे प्रोग्रॅम भरलेले होते की दिवसातून वीस चौकोन उघडायचे आणि मी माश्या हाकलाव्यात तशी ते बंद करायचे.

"पहिल्या महिन्यातले किती पाय आहेत?" मी विचारलं.

"अकरा," भाऊजी म्हणाले.

डोळ्यांसमोर तो टेम्पो आला. मी फळ्यांवरचे पाय टाकून दिले होते आणि आप्पांच्या डोक्यातले तर आता तिथेही नव्हते. होते ते फक्त या मेलेल्या खोक्यात.

"तुम्ही उघडा आणि डिस्क काढून घ्या," मी म्हणाले.

भाऊजींनी मॉडेलचा नंबर शोधून माहिती वाचली आणि मान हलवली. डिस्क सुटी नव्हतीच, मुख्य बोर्डावरच पक्की डकवलेली होती. दुसरीकडे लावायची सोय नाही. बिघाड बहुतेक पॉवरच्या डब्यात होता, म्हणजे जो भाग भिंतीतली वीज आत वाटून देतो त्याच्यात. बाजारात असे डबे ढिगाने मिळतात, पण या कंपनीने स्वतःच्या डब्याचा आकार वेगळा केलेला, जोडणीची टोकंही वेगळी. बाहेरचा डबा बसणारच नाही. "वायरी कापून जोडून बघता येईल," ते म्हणाले, "पण चुकलं तर बोर्ड जळेल आणि त्याच्याबरोबर सगळं जळेल. मी हात लावणार नाही, वहिनी. वॉरंटी आहे ना? त्यांच्याकडूनच डबा बदलून घ्या. फक्त डबा. बोर्डाला हात लावू देऊ नका."

हे बोलता बोलता त्यांनी खोकं फिरवलं आणि मागच्या बाजूला बोट ठेवलं. "इथलं सील कुठे आहे?"

तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत, स्वच्छ पत्रा होता. आप्पा कोपऱ्यात त्यांच्या स्टुलावर बसले होते, त्यांनी मान वर केली. "ती चिठ्ठी?" ते म्हणाले. "मी काढली."

यात त्यांचा दोष नाही, हा आमच्या दुकानाचा शिरस्ता आहे. कातड्यावर कारखान्याची चिठ्ठी असते, तळव्यावर असते, आतल्या गादीवर असते. आमच्याकडून माल बाहेर पडताना त्याच्यावर एकही चिठ्ठी राहता कामा नये. राहिली तर काम अर्धवट सोडल्यासारखं दिसतं, असं आप्पांचं म्हणणं. गरम हवेचा झोत द्यायचा, कातडं कापायच्या रापीचं पातं आडवं घालायचं आणि चिठ्ठी अख्खी उचलून ऑर्डरच्या वहीत चिकटवायची, म्हणजे पुढे कुठलं कातडं वापरलं ते कळतं. मी वही काढली. खोकं आलं त्याच तारखेला ते चंदेरी सील अख्खंच्या अख्खं लावलेलं होतं आणि शेजारी आप्पांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "काळं खोकं. चकाकी चांगली. शिवण कुठेच नाही."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

सर्व्हिस सेंटर बाजारपेठेच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर होतं. रांगेने खुर्च्या, एक काउंटर, काउंटरमागे काचेची खोली आणि त्या खोलीत एक कारागीर पाठ वाकवून काम करत बसलेला. काउंटरवर निळा टाय लावलेला व्यवस्थापक होता. त्याने खोकं फिरवलं, रिकाम्या जागेवर नख घासलं आणि म्हणाला, "सील नाही. वॉरंटी संपली."

"सील आहे," मी वही उघडून पुढे केली. "हे बघा."

त्याने वहीकडे असं बघितलं, जणू मी त्याला मेलेला उंदीर दाखवते आहे. "मॅडम, आमचं सील अख्खं निघतच नाही. काढायला गेलं की त्याचे तुकडे होतात आणि पत्र्यावर पांढरी जाळी उमटते. हे अख्खं आहे, म्हणजे हे आमचं नव्हे."

"मग पत्र्यावर जाळी का नाही?"

"पुसली असेल. म्हणजे मशीन उघडलंय."

"मशीन कोणी उघडलेलं नाही. मला फक्त पॉवरचा डबा बदलून हवाय. पाहिजे तर पैसे घ्या."

"सुटा भाग आम्ही विकत नाही. वॉरंटीतल्या मशीनचाच डबा बदलतो. वॉरंटीबाहेरचं मशीन जमा करून घेतो आणि तपासून तयार केलेलं दुसरं देतो. तुमच्यासाठी तेवढं करीन." त्याने एक छापील कागद सरकवला. "जमा झालेल्या मशीनमधलं सगळं पुसलं जातं. इथे सही करा."

मी तो कागद घडी घालून त्याच्याच खिशात ठेवला असता, पण काउंटर मध्ये होता. "तुम्ही पुसणार ते काय आहे, माहीत आहे का?" मी विचारलं. "चारशे माणसांची चाल आहे त्यात. माझ्या वडिलांनी सांगितलेली. ते आता पुन्हा सांगू शकत नाहीत."

"त्याची नक्कल ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी असते," तो म्हणाला, आणि सगळ्यात जास्त राग मला याचा आला की यात तो चुकत नव्हता.

खोकं उचलून घरी आले तर दारात टपालवाली उभी. दिवसभर डोंगरउतारावरच्या घरांना टपाल वाटत फिरणारी बाई. उजवा पाय लहानपणच्या अपघातात मोडून वेडावाकडा जुळलेला. तिचे जुने बूट तळातून गेले होते आणि नवे मी तिला आठवड्यापूर्वीच दिले होते. खोकं तेव्हा सारखं बंद पडत होतं, म्हणून आप्पांच्या टिपणाशिवाय, स्वतः ताजं माप घेऊन शिवलेले. तिने मोजा काढला. करंगळीच्या खाली रुपयाएवढा फोड आला होता आणि तो फुटलेला होता.

"तुझं काही चुकलं असेल असं नाही," ती म्हणाली. "पण आप्पांचे बूट कधी चावले नव्हते."

माप बरोबर होतं. मी तीनदा ताडून बघितलं. पाय टेबलावर ठेवला की माप एक सांगतं आणि तो चालायला लागला की दुसरंच काहीतरी होतं, ते दुसरं आप्पांना माहीत होतं आणि मला नव्हतं. वीस वर्षं शेजारी बसून मी शिवण शिकले होते, पाय शिकले नव्हते. ते मला त्या दिवशी कळलं आणि फार लागलं. तिला जुनेच बूट ठिगळ लावून दिले आणि म्हटलं, "थोडे दिवस थांब. मी मिळवते."

दुसऱ्या दिवसापासून मी सर्व्हिस सेंटरमध्ये ठाण मांडलं. सकाळी दार उघडलं की मी हजर. खोकं शेजारच्या खुर्चीवर आणि मांडीवर माझं काम. आरी, दोरा, मेण, बुटाचा वरचा भाग. आवाज होणारं कामही मी मुद्दाम घेऊन जायचे. खिळे ठोकायला लागले की टायवाला मान वर करायचा.

"मॅडम, इथे असलं काम करता येणार नाही."

"तशी पाटी कुठे आहे?" मी विचारायचे. पाटी नव्हती.

समोर माणसं यायची आणि जायची. कुणाला सांगितलं जायचं की बिघाड सापडत नाही, मशीन आमच्याकडे व्यवस्थित चालतंय. कुणाला सांगितलं जायचं की भाग वरून यायचाय. बहुतेक जण हातपाय आपटून निघून जायचे, आणि मला वाटतं ती सगळी यंत्रणा त्यांच्या निघून जाण्यावरच चालली होती. मी निघून जात नव्हते. चौथ्या दिवशी टायवाला जेवायला गेला तेव्हा काचेच्या खोलीतला कारागीर बाहेर आला. तो पन्नाशीचा असेल, बोटांवर तारा जोडायला वितळवतात त्या कथलाचे बारीक चटके. तो माझ्या हातातली शिवण बघत उभा राहिला.

"टाका सुंदर आहे," तो म्हणाला. मग हळूच, "ताई, डबा बदलायला मला पंधरा मिनिटं पुरतील. डबा मागे कपाटात पडून आहे. पण साहेबांच्या सहीशिवाय मला हात लावता येत नाही आणि साहेब एकाच गोष्टीवर अडून बसलेत. सील अख्खं निघूच शकत नाही, असं त्यांना कंपनीने शिकवलंय."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"तीस वर्षांत मी तरी निघालेलं बघितलं नाही," तो म्हणाला.

तेव्हाच माझ्या मनात आलं आणि लगेच भीतीही वाटली. त्या महिन्यात आप्पा घरातल्या घरात चुकायला लागले होते. परक्या जागी नेलं तर गोंधळायचे, कधी कधी रडायचेही. चार माणसांत त्यांचं हसं झालं तर ते मला सहन झालं नसतं. रात्रभर मी उलटसुलट विचार केला, पण सकाळी त्यांना स्वच्छ शर्ट घालायला दिला, पिशवीत गरम हवेचं यंत्र आणि त्यांची रापी टाकली आणि भाऊजींना गाडी घेऊन बोलावलं.

खुर्चीवर बसवल्यावर आप्पांनी इकडेतिकडे बघितलं. "आपण कुणाकडे आलोय?"

"कामाला आलोय, आप्पा."

दोन मिनिटांनी पुन्हा, "आपण कुणाकडे आलोय?" त्यांचा आवाज चढला तशी शेजारची माणसं बघायला लागली. मी त्यांचा हात धरून ठेवला आणि काउंटरकडे तोंड करून म्हणाले, "साहेब, तुमचं सील अख्खं निघत नाही ना? मग एक सील लावलेलं मशीन द्या. भंगारातलं चालेल. माझे वडील काढून दाखवतात. फाटलं तर तुमच्या कागदावर सही करते आणि पुन्हा इथे पाऊल टाकत नाही."

हे शेवटचं वाक्य त्याला आवडलं असावं. चार दिवस माझे खिळे ऐकून तो मेटाकुटीला आला होता. त्याने भंगारात जायचं एक खोकं आणून काउंटरवर ठेवलं आणि हाताची घडी घातली. "दाखवा."

मी खोटं बोलत नाही, त्या क्षणी सही केल्यासारखंच मला वाटत होतं. मी आप्पांच्या कानाशी वाकले. "आप्पा, मालावर चिठ्ठी राहिलीय."

"मालावर?" ते ताडकन उठले. "आणि माल बाहेर काढलात? कोणी काढला?"

त्यांनी टायवाल्याकडे अशा नजरेने बघितलं की तो एक पाऊल मागे सरकला. मग आप्पांनी यंत्र हातात घेतलं, झोत आधी स्वतःच्या हाताच्या पाठीवर घेऊन बघितला, थोडा लांब धरला आणि सीलवरून फिरवायला लागले. ओठ हलत होते, ते मनातल्या मनात मोजत होते. मध्येच थांबले. रापी घेतली, पातं पत्र्यावर आडवं टेकवलं आणि एका कोपऱ्याखाली सरकवलं. ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. पुन्हा झोत, पुन्हा पातं. कारागीर काचेच्या खोलीतून बाहेर येऊन माझ्या खांद्याशी उभा राहिला होता. मग आप्पांनी दोन बोटांत धरून सील वर उचललं. अख्खं. खाली पत्रा स्वच्छ.

"वही कुठाय?" त्यांनी विचारलं. वही जवळ नव्हती, तेव्हा त्यांनी ते सील टायवाल्यापुढे धरलं. "घ्या. वहीत लावून ठेवा. उद्या कोणी विचारलं कुठलं कातडं, तर काय सांगाल?"

मागून कोणीतरी हसलं. आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं, त्यांना काउंटरवर दुसरं मशीन दिसलं होतं आणि त्याच्यावरही चिठ्ठी होती. ते तिकडे वळले.

"अहो आजोबा, नको! बास!" टायवाला ओरडला. "ते गिऱ्हाइकाचं आहे!"

"माझंच आहे," रांगेतला एक माणूस म्हणाला. "काढू दे की त्यांना."

ते हसू ओसरायची मी वाट बघितली नाही. पिशवीतून कोरा कागद काढला आणि काउंटरवर ठेवला. "साहेब, आता दोनपैकी एक लिहून द्या. हे सील अख्खं निघतं, असं लिहून द्या, म्हणजे इथल्या सगळ्यांना कळेल की मशीन उघडलंय की नाही हे तुमचं सील सांगू शकत नाही. नाहीतर माझं मशीन वॉरंटीत आहे असं लिहून द्या."

त्याने रांगेकडे बघितलं. रांग त्याच्याकडे बघत होती. मग तो फोन घेऊन आत गेला आणि मला काचेतून त्याचं तोंड हलताना दिसत राहिलं. बऱ्याच वेळाने बाहेर आला, माझं मशीन वॉरंटीत असल्याचं लिहून त्याने सही ठोकली आणि कागद कारागिराकडे सरकवला. फक्त डबा बदलणे. बोर्डास हात न लावणे. एवढं मी त्याच्याकडून लिहूनच घेतलं.

कारागिराने माझ्यासमोर खोकं उघडलं. आत धुळीचा सलग थर होता आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर कारखान्याचा लाल ठिपका तसाच. "साहेब, बघून घ्या," तो मोठ्याने म्हणाला, "हे कोणीच उघडलेलं नाही." मग त्याने पॉवरचा डबा बाहेर काढला. एवढ्या मोठ्या खोक्यात एवढासा डबा, हातात घेतला तर वजनच नाही. आमच्या धंद्यातही अशी माणसं आहेत. वरून चकाकणारं कातडं आणि तळव्यात पुठ्ठा. मी त्याला तसं सांगितलं तर तो नुसता हसला आणि नवा डबा बसवायला लागला.

बटण दाबलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पंखा फिरल्याचा आवाज आला. मग भाऊजी म्हणाले, "वहिनी, बघा." पडद्यावर पाय उभे होते, ओळीने, सगळेच्या सगळे. मी तिथे सगळ्यांदेखत रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. भाऊजींनी खिशातून तीन वेगवेगळ्या डिस्का काढल्या आणि त्या तिन्हींवर नकला उतरेपर्यंत मी त्या काउंटरवरून हलले नाही. टायवाल्याने दिवे मालवायची वेळ झाली असं दोनदा सुचवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर टपालवालीचा पाय उघडला. आप्पा शेजारच्या स्टुलावर बसून मेणाचा गोळा हातात फिरवत होते. मी तिचा नवा बूट ताज्या मापाच्या ठोकळ्यावर चढवला आणि डोक्यात पक्कं बसावं म्हणून टिपण मोठ्याने वाचायला लागले.

"करंगळी लबाड आहे. बसल्यावर गप्प असते, चालायला लागली की बाहेर पळते. तिथे दोन दोरे सैल सोड. टाच मात्र घट्ट धर. ही बाई उतारावर दोन पायऱ्या एकदम उतरते आणि तिला सांगून उपयोग नाही. आतल्या बाजूला जुनं हाड जुळलंय, थंडीत तिथे ठणकतं, ती बोलून दाखवत नाही. तिथे मऊ कातडं लाव आणि तिला सांगू नकोस की लावलंय."

आप्पांच्या हातातला मेणाचा गोळा थांबला. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"हे कोणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"आहे एक माणूस," मी म्हणाले.

"त्याला पाय कळतो," आप्पा म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्याकडे वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "पोरी, तू अजून कच्ची आहेस. त्याला सोडू नकोस."

"नाही सोडत, आप्पा," मी म्हणाले, आणि करंगळीपाशी दोन दोरे सैल केले.